साखळी थोडी वाढवा, बाबा

समोरच्या माणसाकडून हवं ते काम करवून घ्यायची कला माझ्या अंगात आहे, हे मी अतिशय नम्रपणे सांगतो. गाद्यांच्या कंपनीत मी विक्री विभागात आहे आणि नव्याने लागलेल्यांना मीच शिकवतो. गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशी 'गादी घ्या' असं कधीच म्हणायचं नाही. आधी उशीचा अभ्रा दाखवायचा. अभ्र्याला हो म्हणाला की उशी, उशीला हो म्हणाला की चादर, आणि मग गादी तो आपणहून मागतो. सरळ मागणारा माणूस विक्रीत टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. या मतापायी एकदा अख्खी गल्ली अडचणीत आली होती.

माझे सासरे लोखंडी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. पुढे पत्र्याची शेड, मागे घर. लग्नाआधी बायकोने रस्त्यावरून एक पिल्लू उचलून आणलं होतं, ते या शेडमध्येच वाढलं. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि कामगारांवर मात्र सारखी नजर ठेवायची, म्हणून सासऱ्यांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. आमच्या लग्नानंतर काही महिन्यांनी शेडच्या समोरचंच घर आम्हाला भाड्याने मिळालं. सामान घेऊन उतरलो तर मुकादम बाहेरच्या भिंतीला साखळीने बांधलेला!

ऊन असो, पाऊस असो, तो तिथेच. साखळी इतकी आखूड की बिचाऱ्याला शेडच्या सावलीतही जाता येत नव्हतं. तेवढ्यातच फिरून फिरून त्याने जमिनीला टक्कल पाडलं होतं. बायकोला पाहून तो उड्या मारायला गेला आणि साखळीचा हिसका बसून खाली पडला. तिने वडिलांना कारण विचारलं, तर ते 'बांधलेलाच बरा' एवढंच पुटपुटले आणि त्यांनी वेल्डिंगचा मुखवटा चेहऱ्यावर ओढून घेतला. त्या मुखवट्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

रोज संध्याकाळी काम थांबलं की शेडमध्ये बसून एका किटलीतला चहा प्यायचा, हा बाप-लेकीचा जुना नेम. समोर घर घेण्यामागे बायकोला त्या चहाचाच मोह होता. पण त्या दिवशी ती तशीच परत आली आणि रडली.

"बाबा इतके कठोर झालेत हे मला बघवत नाही," ती म्हणाली. "तो सुटेपर्यंत मी तिथला चहा घेणार नाही."

वडिलांना मात्र तिने आम्लपित्ताचं कारण दिलं. संध्याकाळी सासऱ्यांनी गोळ्या पाठवून दिल्या. ते रोज दोन कप मांडायचे आणि एकटेच प्यायचे. आमच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं आणि जिवाला लागायचं. शेवटी मी बायकोला म्हणालो, हे प्रकरण माझ्यावर सोपव आणि तू फक्त बघत राहा.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. मुकादमापासून आदराचं अंतर राखून उभा राहिलो आणि आधी साखळीचं कौतुक केलं. ती सासऱ्यांनी स्वतः घडवलेली होती, हत्ती बांधला तरी तुटणार नाही अशी. मग मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "साखळी थोडी वाढवा, बाबा. सावलीपर्यंत पोचली तर बरं."

सासऱ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वा! छान. अगदी सावकाश घ्या, घाई करू नका," असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि तिथल्या तिथे चार कड्या जोडून दिल्या. मला वाटलं, अभ्रा खपला.

त्यानंतर मी मागेच हटलो नाही. आधी पाण्याच्या टाकीपर्यंत साखळी वाढवून घेतली, मग फाटकापर्यंत. दर वेळी सासरे माझी थोडी काळजी आणि पुष्कळ कौतुक करत. गल्लीपर्यंत वाढवा म्हणालो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "जमेल ना तुम्हाला?" मी म्हणालो, न जमायला काय झालं! त्यांनी खुशीत मला बिस्किटं दिली. गिऱ्हाईकच विक्रेत्याला बिस्किटं देतंय, असा अनुभव मला नवीन होता.

अडचण फक्त साखळीची होती. ती आता गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरत होती आणि मुकादमाला फिरायची हौस दांडगी. तो विजेच्या खांबाला वळसा घाली, माझ्या स्कूटरच्या चाकातून पलीकडे जाई, इस्त्रीवाल्याच्या टेबलाखालून निघे आणि आमच्या कुंड्यांभोवती फिरून पायरीवर येऊन बसे. मग लोक पाय उचलून उचलून चालत. इस्त्रीवाला रोज साखळी सोडवत बसे आणि माझ्याकडे अशा नजरेने बघे की मी कपडे घरीच इस्त्री करायला लागलो.

"मी कुत्र्याला सोडा म्हणाले होते," बायको म्हणाली. "तू त्याच्याबरोबर अख्खी गल्ली बांधून ठेवलीस."

मी तिला टप्प्याटप्प्याने जाण्याचं महत्त्व समजावलं. आपण आता चादरीपर्यंत आलो आहोत, गादी दूर नाही, असंही म्हणालो. तिने दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी सासऱ्यांनी बनवलेलं एक मोठं फाटक गिऱ्हाईकाकडे जायचं होतं. सकाळपासून ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि मुकादमाने त्याच्या गजांमधून निवांतपणे ये-जा केली होती. टेम्पोवाल्याने आणि कामगारांनी फाटक उचलून टेम्पोत चढवलं. साखळी त्याच्यात गुंतलेली सगळ्यांना दिसली होती. पण फाटकाला साखळी असायचीच, असं समजून कोणी काही बोललं नाही. टेम्पो निघाला.

मी पायरीवर पेपर वाचत बसलो होतो. समोरची साखळी सरपटत जाताना दिसली तेव्हा मला आधी गंमत वाटली. मग स्कूटर आडवी झाली, दोन कुंड्या फुटल्या, इस्त्रीवाल्याचं टेबल जागचं हललं. मुकादम खांबापाशी बसून कमी कमी होत चाललेल्या साखळीकडे कुतूहलाने बघत होता. दुसरं टोक त्याच्या गळ्यात आहे हे लक्षात आलं आणि मी पेपर फेकून दिला.

मी टेम्पोमागे धावलो. पण इतक्या वर्षांची सवय अशी सुटते का? माझ्या तोंडून निघालं, "दादा, आपल्याला सवड असेल तर एक मिनिट..." टेम्पोत गाणी लागली होती. त्याला काय ऐकू जाणार!

सासरे मात्र थेट मुकादमाकडे धावले, अनवाणी, हातात पत्रा कापायची कात्री घेऊन. साखळी कापण्यात अर्थ नव्हता, ती त्यांनीच बनवली होती. त्यांनी मुकादमाच्या गळ्यातला पट्टा धरला आणि कात्री चालवली. पट्टा तुटला. उरलेली साखळी त्यांच्या पायांवरून सणसणत निघून गेली. भिंतीकडचं टोक ताणलं गेलं, टेम्पोला हिसका बसला आणि फाटक मागच्या मागे मोठा आवाज करत रस्त्यावर उतरलं. मग गाणी बंद झाली.

सासरे रस्त्यातच बसले होते. मुकादमाला त्यांनी छातीशी घट्ट धरलं होतं. तो त्यांचा कान चाटत होता. बायको धावत आली आणि तिने दोघांनाही मिठी मारली. एवढ्या दिवसांनी ती वडिलांच्या इतकी जवळ गेली होती.

जरा वेळाने सासरे उठले आणि इकडेतिकडे शोधायला लागले.

"काय हवंय, बाबा?" मी विचारलं.

"दोरी. नवा पट्टा येईपर्यंत दोरीने बांधतो याला. तुम्ही समोर उभे आहात ना."

आता अभ्रा नको आणि उशी नको, असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी सरळ मागितलं. "बाबा, त्याला बांधू नका. मोकळा राहू द्या."

"नक्की? तुम्हाला चालेल?"

"माझा काय संबंध?"

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पण जन्मभर घणाच्या आवाजात बोललेल्या माणसाचा खालचा आवाजही गल्लीभर पोचतो. "तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा हा नुसता पाय हुंगायला आला, तर तुम्ही टेबलावर चढलात. मी याला मागे कोंडेपर्यंत खाली उतरला नाहीत. तुम्ही समोर राहायला येणार म्हटल्यावर विचार केला, जावयाला आपल्या घरी यायला भीती वाटू नये. म्हणून बांधला."

ती तिपाई होती, टेबल नव्हे. उगाच वाढवून सांगण्यात अर्थ नाही.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"नवऱ्याबद्दल असं बायकोला सांगतात का गं? याला बांधून माझ्या जिवाला काय कमी लागलं? पण ते येऊन साखळी वाढवा म्हणायला लागले, तेव्हा इतकं बरं वाटलं. म्हटलं, हळूहळू धीर करतायत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. संसारात तिच्या पुष्कळ नजरा मी ओळखायला शिकलो आहे, पण ही नवीन होती. इस्त्रीवाला, टेम्पोवाला आणि कामगारही माझ्याकडेच बघत होते. मी खाली वाकून कुंडीचे तुकडे गोळा करायला घेतले.

"बाबा, चहा टाका," ती वडिलांना म्हणाली.

"आणि तुझं आम्लपित्त?"

"गेलं."

सासऱ्यांचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, माझेही आले. शेडमध्ये फाटकाचा पसारा होता म्हणून सगळे आत घरात गेलो. मुकादमही आला. गळ्यात काही नसल्यामुळे तो आधी दोन-तीनदा मान झटकून बघत राहिला. मग सगळं घर हुंगून झालं आणि तो टेबलाखाली, नेमका माझ्या खुर्चीसमोर, लांब श्वास सोडून आडवा झाला. बाप-लेक बोलत बसली, किटली दोनदा रिकामी झाली.

मी खुर्चीवर पाय वर घेऊन, मांडी घालून चहा प्यायलो. फरशी गार होती हो, बाकी काही नाही.