फुंकरीचे पाच सेकंद

नळांच्या कारखान्यात मी वेळ-निरीक्षक आहे. कामाला किती वेळ लागला ते घड्याळ सांगतं. माणूस किती वेगाने राबला ते मी सांगतो, नुसत्या डोळ्यांनी बघून. शंभर गुण म्हणजे 'सामान्य कामगार'. तो घाई करत नाही, रेंगाळत नाही, सकाळी जसा तसाच संध्याकाळी, असं आमच्या नियमपुस्तिकेत लिहिलंय. अठरा वर्षांत तो मला एकदाही भेटलेला नाही, पण बाकी सगळ्यांना मी त्याच्याशीच ताडून बघतो.

गेल्या महिन्यात नळजोडणी विभागाची पाळी आली. एका नळाला वीस सेकंद लागतात, असं व्यवस्थापकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी फक्त जाऊन ते मोजून यायचं होतं.

पहिल्याच टेबलावर फुंकरमावशी. हे नाव कारखान्यानेच पाडलेलं. वॉशर बसवायचा, नळाची मूठ आवळून बसवायची, नळ बंद करायचा आणि मागून तोंड लावून जोरात फुंकायचं. हवा निसटली तर नळ परत खोलायचा. एकूण पंचवीस सेकंद, त्यातले पाच फुंकरीचे.

"मावशी, हे फुंकणं कशाला?"

"गळतोय का ते कळतं, साहेब."

"ते तपासणी विभागाचं काम."

"त्यांना तुम्ही मागच्या वर्षी मोजलंत ना? तेव्हापासून ते शंभरातला एक बघतात."

मी विषय बदलला. आमचा हिशेब सोपा असतो: लागलेला वेळ गुणिले वेगाचे गुण, भागिले शंभर. उत्तर वीस यायला हवं होतं, म्हणून मावशींना ऐंशी गुण पडले. नव्वदच्या खाली गेलेल्याला घरी पाठवतात. मावशींच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मला ते माहीत होतं, म्हणून मी फेरमोजणी लावून दिली. तेवढी माणुसकी नियमात बसते.

"उद्या जरा हात उचला," मी हळूच म्हणालो. "आणि ती फुंकर तेवढी सोडा."

"फुंकल्याशिवाय नळ हातातून सुटत नाही हो. पण बघते."

दुसऱ्या दिवशी मावशींनी फुंकर गिळली. सोळा सेकंद. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता, तो वर सारायलाही त्या थांबल्या नाहीत. मी एकशे पंचवीस गुण दिले. उत्तर पुन्हा वीसच. म्हणजे बाईने सावकाश केलं काय किंवा जीव तोडून केलं काय, वीसचे वीस. मला माझ्या शास्त्राचं कौतुक वाटलं.

व्यवस्थापकांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले.

"काल ऐंशी, आज एकशे पंचवीस. अंगात दम आहे बाईच्या. म्हणजे काल मुद्दाम रेंगाळली."

"साहेब, काल त्या फुंकत होत्या."

"फुंकण्याला रकाना आहे?"

नव्हता. कामचुकारपणाला होता.

मावशींनी डबा, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली. "हात उचलला म्हणून घालवलंत होय मला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, कारण कागदावर तसंच होतं. मला फार वाईट वाटलं. त्यात चार मिनिटं गेली. ती मी 'अपरिहार्य विलंब' म्हणून दाखवली.

त्यांच्या जागी आलेला माणूस फुंकत नाही. बरोबर वीस सेकंदांत नळ तयार. माल धडाधड बाहेर जातो आणि गावोगाव खपतो. मीही एक आणून घरी बसवला.

परवा सकाळी दाढी करताना तो गळायला लागला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "नवाच ना हो? कोणी फुंकून नाही का बघितला?"

सवयीने घड्याळ सुरू झालं होतं. दर दोन सेकंदांना एक थेंब. अर्धा तास मोजलं. घाई नाही, रेंगाळणं नाही, घाम नाही, निवृत्ती नाही. अठरा वर्षांनी सामान्य कामगार सापडला, तोही माझ्याच न्हाणीघरात. मी त्याला शंभर गुण दिले आणि खाली बादली लावली.

तुमच्याकडेही एखादा कामाला असेलच. दुकानात घेताना तुम्हीही फुंकून बघितलं नव्हतं, घाईत होतात. उठा आता, बादली भरली असेल.