भुपेंद्रचं गंगापूजन

खळ्यात धान मळायची मशीन धडधडत होती आणि वासुदेवराव एका कानात बोट खुपसून, दुसऱ्या कानाशी मोबाईल धरून ओरडत होते. फोन पुण्याहून होता. मुलगा भुपेंद्र तिथल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होता.

"बाबा, तीन वर्षांपासून सांगीन सांगीन म्हणून राहिलो," भुपेंद्र एका दमात म्हणाला. "मी गे आहो."

नेमक्या त्याच वेळी मशीनच्या तोंडात पेंढ्या गेल्या. वासुदेवरावांना ऐकू आलं, "मी गयेले आहो."

ते जागच्या जागी ताठ झाले. बारावीत सायन्स घेतल्यापासून देवापुढं उदबत्ती न लावलेलं पोरगं, आणि गयेला! पितरांचे पिंड पाडायला!

"बाबू! कवापासून होतं हे तुह्या मनात?"

"समजाले लागलं तवापासून, बाबा."

वासुदेवरावांनी मोबाईल कानाशी आणखी घट्ट दाबला. "एकटाच आहेस का कोनी संगं आहे?"

"प्रवीण आहे. माह्या खोलीतला."

"मंग तर बेसच! जोडीनं केलेलं जास्त पावते. तुह्या आज्याच्या बी लय मनात होतं बाबू. पन आजीच्या धाकानं मनातच राहून गेलं."

भुपेंद्रनं मोबाईल एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"...आजोबाच्या?"

"हाव न! घराण्यात कोनाले जमलं नाई ते तू केलं."

"बाबा, तुमाले खरंच राग नाई आला?"

"राग कायचा? अख्ख्या आंधळगावाले सांगतो! दोघंबी या येत्या रविवारी. मोठं जेवण घालतो!"

फोन ठेवून भुपेंद्र रडला, आणि मशीन थांबवून वासुदेवरावही रडले. मग ते बायकोला, शकुबाईंना, ओरडून सांगत सुटले, "अवो, पोट्टा गयेले गेला!" तीर्थयात्रा करून आलेल्यासाठी घालतात त्या गंगापूजनाची तयारी घरात सुरू झाली. आचारी ठरला, भजनी मंडळाला निरोप गेला, मांडव बोलावला.

ही बातमी ऐकून एकच माणूस खाली बसला. ते म्हणजे शेजारचे टेकचंद मास्तर. तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर रोज सकाळी वासुदेवरावांच्या ओट्यावर चहा प्यायचे आणि देव नाही हे त्यांना पटवून द्यायचे. भुपेंद्र त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. त्यांनी तडक फोन लावला.

"भुपेंद्र, तुह्या बाबानं सांगतलं मले. सायन्सचा पोट्टा तू, अन् हे असं?"

"सर, तुमी तरी असं म्हणू नका. याले विज्ञानाचाच आधार आहे."

"कोनतं विज्ञान? हे पुरोहितायनं पोट भराले काढलेलं खूळ आहे!"

"पुरोहितायनं?" भुपेंद्र चक्रावला. "सर, हे कोनी शिकवून होत नाई. माहा पिंडच तसा आहे."

"आला न पिंड तोंडात! संपलं!" मास्तरांनी फोन बंद केला.

भुपेंद्रनं मोबाईल खाटेवर टाकला. मग प्रवीणला म्हणाला, "ज्याच्या भरवशावर होतो तो उलटला. अन् ज्याची धास्ती होती तो जेवण घालून राहिला."

रविवारी दोघं एसटीतून उतरले तर समोर टाळमृदंग! गळ्यात हार पडले. दारात शकुबाईंनी दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं, परातीत दोघांचे पाय धुतले, ओवाळलं. भुपेंद्रच्या डोळ्यांना धार लागली. प्रवीण हळूच म्हणाला, "तुझं गाव पुण्यापेक्षा पुढं आहे रे!"

पंगत बसली. तेवढ्यात पार्वताआत्या पुढं आली. गयेला गेलेला माणूस तिथं एखादी आवडती भाजी नाहीतर फळ कायमचं सोडून येतो. आत्याला ते जाणून घ्यायचं होतं.

"काय सोडलं, बाबू?"

भुपेंद्र भारावलेला होता. "भीती सोडली, आत्या. लोकायची लाज सोडली."

"वा!" भजनी मंडळानं माना डोलावल्या.

"अन् भाजीत?" आत्यानं विचारलं.

"भाजीत?"

मास्तरांना राहवेना. ते पानावरून उठले. "लाज सोडली हे मातर खरं! माहा विद्यार्थी गयेले जाऊन पिंड पाडते!"

"गयेले? सर, मी गया डोळ्यानं पायली नाई."

"मंग बाबाले फोनवर काय सांगतलं?"

आज मशीन बंद होती. "मी गे आहो, असं सांगतलं," भुपेंद्र म्हणाला, आणि मांडवाच्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं.

मास्तरांनी चक्क उडी मारली. "म्हंजे गयेले गेलाच नाई! शाब्बास रे पठ्ठ्या! वासुदेवभाऊ, मी जिकलो! हे तर पक्कं विज्ञान आहे! निसर्गात शेकडो प्राण्यायत सापडते!"

"म्हंजे यानं सोडलं काईच नाई?" आत्या पुटपुटली.

वासुदेवरावांचा चेहरा उतरला होता. "मास्तर, सोपं करून सांगा."

"सोपंच आहे. त्याले पोरगी नको. हा प्रवीणच त्याचा जोडीदार. दोघं नवराबायको... म्हंजे, नवरानवरा."

मांडवात कुणी घास गिळेना. वासुदेवराव हळू आवाजात म्हणाले, "हे माह्या देवाले मंजूर नाई."

भुपेंद्रनं बॅग उचलली. प्रवीणनं गळ्यातला हार काढून पाटावर ठेवला.

"थांबा," वासुदेवराव म्हणाले. "मास्तर, तुमच्या विज्ञानाले मंजूर आहे न? मंग दोन दिवस राहू द्या यायले तुमच्या घरी."

"माह्या घरी?" मास्तर परत पानावर बसले. "माही काई हरकत नाई. पन... आमच्या पोरीची, हर्षाची सोयरीक चालू आहे. लोक काय म्हनतीन?"

तेवढ्यात शकुबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. पाय धुतलेली ती परात त्यांच्या हातात होती.

"अजी, आत्ता पाय धुतले मी या दोघायचे. पाय धुतलेल्या मानसाले दारातून उपाशी धाडाचं, हे कोनत्या पोथीत लिवलं, तेवढं सांगा."

वासुदेवरावांनी आयुष्यभर वाचलेल्या साऱ्या पोथ्या मनातल्या मनात चाळल्या. एकीतही सापडेना. ते वळले, आचाऱ्याच्या हातातून वरणाची बादली घेतली आणि पंगतीच्या टोकाला गेले. "बसा," ते जमिनीकडं बघत म्हणाले.

दोघं बसले. भुपेंद्रच्या भातावर वरण पडलं. प्रवीणच्या भातावर पडलं. प्रवीणनं "पुरे" म्हणून हात आडवा धरला, तरी वासुदेवरावांनी बोटांच्या फटीतून आणखी एक पळी ओतली.

"तिकडं सयपाक कोन करते?" त्यांनी बादलीला विचारलं.

"मीच करतो, काका," प्रवीण म्हणाला. "भुपेंद्रला साधा भातही जमत नाही."

"कसा जमन?" वासुदेवरावांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं मान वर करून पाहिलं. "मायनं लाडावून ठेवला. भांडी तरी घासाले लावत जा त्याले."