लोक आमच्या जीपला हात का जोडतात

एक गोष्ट आधीच सांगून टाकते: जव्हार-मोखाडा रस्त्यावर गाडी सुरक्षित कशी चालवावी, हे माझ्याइतकं कुणालाही कळत नाही! मी दहावीत आहे, लायसन्स नाही, सायकलवरूनही दोनदा पडलेय. म्हणून काय झालं? रस्ता सुरक्षा सप्ताहात आमच्या शाळेत माझं भाषण पहिलं आलं!

आणि गरज तर घरातच होती. माझे बाबा, उत्तमभाऊ, अठरा वर्षं या रस्त्यावर वडाप जीप चालवतात. म्हणजे चालवायचे. मार्चमध्ये घाटात एक मोटारसायकल आडवी आली, बाबांनी करकचून ब्रेक मारला आणि जीप गटारात आडवी. मेलं कुणी नाही. बाबांचं खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलंही. दुसरं काहीतरी मात्र जुळायचं राहिलं. रोज सकाळी बाबा अंगणातल्या जीपमध्ये बसायचे, चालू करायचे, दहा मिनिटं स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघायचे आणि बंद करून आत यायचे. आमची जीप म्हणजे डिझेल पिणारी खुर्ची झाली होती!

शेवटी आई म्हणाली, "अहो, नाही होत तर नाही होत. मंगळूभाऊ विकत मागतायत ना, रविवारी त्यांना देऊन टाका गाडी."

बाबा नुसतं "हं" म्हणाले. असं "हं" मी याआधी फक्त मयताच्या घरी ऐकलं होतं.

"बाबा, शनिवारी मी शेजारी बसते. मी सांगते तशी चालवा. ओरखडासुद्धा नाही येणार!"

"तू सांगणार?"

"पहिलं बक्षीस आहे माझं!"

बाबा हसले नाहीत. पण किल्ली उचलली.

शनिवारी धुकं असं, की जव्हारच्या स्टँडवर स्वतःची चप्पल दिसेना. पॅसेंजर यायचे, बाबांना बघायचे आणि मुकाट्याने शेजारच्या जीपमध्ये चढायचे. आम्हाला मिळाले दोनच. दवाखान्यातून घरी निघालेली पोशीआजी आणि तिचा मुलगा सुकऱ्याभाऊ. आजीचा ताप नुकताच उतरलेला. ती मागच्या बाकावर आडवी झाली आणि पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली. सुकऱ्याभाऊला गाडी लागते. त्याने तोंडावर टॉवेल दाबला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"चला," मी म्हटलं. "दिवे चालू. वेग तीस. हॉर्न फक्त वळणावर, तोही एकदाच. आणि पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर!"

ते अंतर मी मोजत होते. पुढची गाडी मैलाच्या दगडापाशी आली, की पुटपुटायचं, "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन." पण आमच्या रस्त्यावर मोकळी जागा म्हणजे पंगतीतला रिकामा पाट! अंतर ठेवलं की त्यात एक जीप घुसायची. तिच्यापासून पुन्हा अंतर ठेवलं की दुसरी. या हिशेबाने आम्ही हळूहळू मागे सरकत परत जव्हारला पोचणार होतो!

पहिल्या फाट्यावर चार माणसं उभी होती. मी हात काढून ओरडले, "मोखाडा, मोखाडा!" एकाने टोपी काढली. बायांनी डोक्यावर पदर घेतला. चौघांनी हात जोडले. चढलं मात्र कुणी नाही.

"बघा बाबा, किती मान देतायत तुम्हाला!"

पुढच्या फाट्यावर तेच. मग मागून एक मोटारसायकल आली आणि ओव्हरटेक न करता मागेच राहिली. मग तीन. मग सात. सगळ्यांचे दिवे चालू, सगळे गप्प.

"माझेच नियम पाळतायत सगळे!" मी आनंदाने म्हणाले.

बाबांनी आरशात पाहिलं आणि त्यांचा चेहरा धुक्याच्या रंगाचा झाला.

"किमया, आजी हलतेय का गं?"

मी वळून हाक मारली. "आजी!" काही नाही. "ओ आजी!" चादर ढिम्म. "सुकऱ्याभाऊ, आजीला..." भाऊने मान हलवली आणि टॉवेल आणखी घट्ट दाबला. तोंड उघडणं शक्यच नव्हतं.

"माझ्याच गाडीत," बाबा म्हणाले. एवढंच. पण धुक्यात, घाटात, मागे सात गाड्या असताना थांबायचं कुठे? ते चालवत राहिले. मी मोजायचं विसरले. मला रडायला येत होतं.

आजीच्या पाड्यावर तीस-चाळीस माणसं जमली होती. जीप थांबताच बायांनी असा हंबरडा फोडला, की चादर ताडकन उठून बसली!

"कोन मेला?"

बायांनी पदर तोंडात कोंबले.

"सुकऱ्या मेला का?"

सुकऱ्याभाऊ चाकामागे ओकत होता. शेवटी सून म्हणाली, "आय, तू."

"मी? मी कवा मेले?" आजीची नजर अंगणात गेली. "आन् तो बांबू कुनाचा तोडला रे?"

"तुझ्याच बेटाचा," शेजारचा लहान्याभाऊ कोयता मागे लपवत म्हणाला.

त्यानंतर आजी जे बोलली, ते शाळेत शिकणाऱ्या मुलीने लिहू नये.

लहान्याभाऊ बाबांपाशी आला. "रागावू नका भाऊ. फाट्यावरनं फोन आला. दिवे लावून, हॉर्न न मारता गाडी येते, मागं कोन लोंबकळत नाय, पुढं पोर मंत्र म्हनते. आमी काय समजायचा? आपल्याकडं जित्या मानसाला एवढा जपून कोन नेतो?"

बाबा दगडावर बसले. मग उठून म्हणाले, "चल. परत जायचंय." येताना मी एकही आकडा मोजला नाही, तरी अंतर तेवढंच होतं.

रविवारी मंगळूभाऊ किल्लीसाठी आले आणि चहा पिऊन रिकाम्या हाताने गेले. जिंकलो ना आपण! फक्त पॅसेंजर काही चढेनात. फाट्याफाट्यावर नुसते नमस्कार! पाचव्या दिवशी पहिला फोन आला. दवाखान्यातून एका म्हाताऱ्याला गावी न्यायचं होतं. या वेळी माणूस खरंच गेलेला. "तुमचीच गाडी पाठवा, हळू नेता म्हणे."

मी दप्तर टाकून निघाले. बाबा म्हणाले, "तू नको."

संध्याकाळी ते परतले. आईने काळजीने विचारलं, "कसं झालं हो?"

बाबांनी बशीत चहा ओतला. "चांगला होता बिचारा. अठरा वर्षांत पहिला पॅसेंजर, जो म्हणाला नाही, 'भाऊ, जरा दाबा की!'"