अँकर मी देतो

सणसवाडीत कुणाचंही काम अडलं की ते माझ्यामुळे सुटतं, असं मी म्हणत नाही. लोकच म्हणत असतील.

आमच्या गल्लीतलं डिपार्टमेंट स्टोअर बंद पडलं आणि गल्लीच आजारल्यासारखी झाली. समोर माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. पूर्वी शिफ्ट सुटली की पोरं स्टोअरमध्ये साबण घ्यायला यायची आणि जाता जाता माझ्याकडे स्क्रीनगार्ड लावून जायची. आता माझ्याकडे येतात ते फक्त पत्ता विचारायला! पण माझ्यापेक्षा हाल बायकोचे, अनिताचे. ती दुकानामागच्या जिन्याखाली ब्लाउज शिवते. माप देणारी बाई ताठ उभी राहिली की डोकं जिन्याला आपटतं. वाकून दिलेल्या मापाचे ब्लाउज कसे होतात, ते मी पुरुषमाणसानं सांगू नये. तिचं एकच मागणं होतं, दार असलेला गाळा.

म्हणून स्टोअरचे मालक पोपटराव, म्हणजे आमचे आप्पा, तिथं मॉल बांधायचं बोलू लागले तेव्हा मी त्यांची पाठच सोडली नाही. पुण्याहून बिल्डरसाहेब जागा बघायला आले. पुढं आप्पा, मागं मी! साहेबांनी धूळ खात पडलेल्या रॅका पाहिल्या, कोपऱ्यातली आरशाची ट्रायल रूम पाहिली, सुनसान गल्ली पाहिली आणि उसासा टाकला.

"जागा बरी आहे," ते म्हणाले. "पण अशा एरियात आधी तगडा अँकर लागतो. तो मिळाला की बाकीचे गाळे हां हां म्हणता जातात. तोच आणायचा कुठून?"

आप्पांचा चेहरा पडला. मला मात्र हसू आवरेना. एवढंच ना!

"अँकर मी देतो," मी म्हणालो. "तेवढा आमच्या मंडळींस्नी एक गाळा द्या म्हंजी झालं."

साहेब माझ्याकडे आदरानं बघू लागले. "नाव आहे त्याचं?"

"शिरूरपासनं दौंडापतुर पोरंसोरं वळखत्यात."

"गर्दी खेचेल?"

"आवो, त्यो आसला की ताटं वाढली तरी मानसं जागची उठत न्हाईत."

"म्हणजे फूड कोर्टही चालेल," साहेब आप्पांच्या कानात म्हणाले. "जागा किती लागेल त्याला?"

"कितीबी द्या, भागवून घिईल. फकस्त पुढं मोकळी पायजे."

"पार्किंग," साहेबांनी मान डोलावली.

ठरलं! रविवारी स्टोअरपुढं मांडव घालायचा, साहेब त्यांच्या पार्टनर लोकांना आणणार, मी अँकर आणणार. गाळ्याच्या काउंटरवर फिरती खुर्ची टाकून मालक म्हणून आपणच बसायचं, हेही मी मनात ठरवून टाकलं. अनितानं विचारलं, साहेबांना नक्की कसला अँकर पाहिजे, ते नीट इचारलंत ना? मी म्हटलं, अँकरमध्ये कसला काय असतंय? तिनं गाळ्यासाठी फुलाफुलांचा पडदासुद्धा शिवून ठेवला.

रविवारी अख्खी गल्ली लोटली. साहेब आणि त्यांचे पार्टनर पहिल्या रांगेत बसले. तेवढ्यात चमचमता कोट घालून, हातात माईक घेऊन आमचा विनोद स्टेजवर आला. लग्न, हळद, क्रिकेटचे सामने, सगळीकडे बोलायला तोच असतो. "सणसवाडीकर, आवाज येतोय का?" म्हणताच मांडव दणाणला.

साहेब खूश होऊन म्हणाले, "सूत्रसंचालक छान आणलात. पण अँकर कुठं आहे?"

"ह्योच की," मी म्हणालो.

साहेबांचं हसू जागीच थिजलं. "अहो, अँकर म्हणजे मोठ्या नावाचं दुकान! त्याच्या जिवावर बाकीची दुकानं चालतात."

साहेबांची गाडी गेली. आप्पांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती सांगण्यासारखी नाही. अनितानं पडद्याची घडी घातली, आणि मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विनोदला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं सासवांना उखाणे घ्यायला लावले, सुनांना नाचवलं, अंधार पडेपर्यंत एक माणूस हलू दिला नाही. मग कुणीतरी आप्पांना विचारलं, ही जागा साखरपुड्याला देता का? पाठोपाठ दुसऱ्यानं बारशाचं विचारलं. आप्पांचा चेहरा हळूहळू उजळू लागला. ते बघून अनिता सरळ पुढं गेली.

"आप्पा, ती आरशाची खोली मला द्या. तिला दार हाय."

मॉल काही झाला नाही. रॅका निघाल्या, हॉल झाला. विनोद तिथला कायमचा अँकर, आणि त्याच्या जिवावर बांगड्यावाला, मेंदीवाली, कुल्फीवाला अशी सगळी गल्ली चालू लागली! ट्रायल रूममध्ये नवऱ्यामुली ताठ उभ्या राहून मापं देतात. दारावर स्टोअरच्या काळातली पाटी तशीच आहे, 'फक्त महिलांसाठी', त्यामुळे आमच्या गाळ्यात मला प्रवेश नाही. शिवलेले ब्लाउज टांगायला तिला माझं दुकान लागलं. फिरती खुर्चीही आली, तिच्यावर तीच बसते. मी मोबाईल जिन्याखाली दुरुस्त करतो.

परवा तिथंच बसलो असताना बिल्डरसाहेबांचा फोन आला. मुलीचं लग्न आहे म्हणाले, अँकर हवाय, या वेळी माईकवालाच.

"अँकर मी देतो!" म्हणत मी अभिमानानं ताठ उभा राहिलो. जिना तिथंच होता.