पायाला हाक मारणारे हसनचाचा

दिवेलागणीला हसनचाचा स्वतःच्या पायाला हाक मारत. "जागा हाय का रे?" मग मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, "बरं." पाय काय म्हणाला, ते कधी सांगत नसत. पहिल्या संध्याकाळी मी चादर डोक्यावरून घेतली.

अमरावतीच्या दवाखान्यात त्यांची खाट माझ्या शेजारी. चाचा चांदूर रेल्वेकडचे शेतकरी. रानडुकरांसाठी जागलीला बसले आणि मचाणावरून पडले. मी बडनेऱ्याचा, उभ्या बैलावर लुना घातली. बैलाला काही झालं नाही.

सिस्टर रोज पोटात सुई टोचत. "सिस्टर, मोडलाय तो पाय," मी अक्कल पाजळली. मग डॉक्टरांनी समजावलं : पडून राहिलं की पायाच्या शिरेत रक्त गोठतं, ती गाठ सुटून फुप्फुसात गेली की श्वासच अडतो. गाठ धरू न देणारं द्रव्य रक्तात असतंच, सुईतलं हे हेपॅरिन औषध त्याला चपळ करतं. झालेली गाठ मात्र विरघळवत नाही.

"म्हंजे आत जागल्या हाय," चाचा म्हणाले. "मले वाटलंच होतं. सुई त्याले जागं ठेवते."

त्या दिवसापासून माझ्याही पायाला हाक सुरू झाली. उत्तर मलाच द्यावं लागे. नाही दिलं तर काठी ढोसत.

घरी गेल्यावर चाचांचा त्यांच्या गावातल्या बूथवरून रोज संध्याकाळी फोन. "जागा हाय का?" "जागा हाय." खट्. बायकोला वाटे, मी सट्टा लावतो.

एकदा मला खोडी सुचली. फोन उचलला आणि गप्प बसलो.

"जागा हाय का?" पलीकडे नुसता वारा. पुन्हा तेच, हळू. मग तो आवाज माझ्याशी बोलतच नव्हता.

"नामदेव?"

तोंड उघडेस्तोवर फोन बंद.

सकाळी पहिल्या पॅसेंजरनं चाचा दारात, कुबडीवर. माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली बसून दोन्ही पोटऱ्या ताडून पाहिल्या, एखादी सुजली तर नाही ना.

"दुखते?"

"नाही चाचा. गंमत केली."

"गंमत," ते म्हणाले आणि तिथेच भिंतीला टेकले. बायकोनं चहा दिला.

"नामदेव बाजूच्या वावरातला. जागलीले तो तिकून हाक मारे, मी इकून. पाय मोडून घरी पडला. सुई नाई, काई नाई. वावरात जाता जाता त्याच्या दारातून हाक मारली, त चूप." चाचांनी बशी खाली ठेवली. "मले वाटलं, रुसला. तसाच पुढं गेलो. सकाळी परतलो, त त्याच्या दारात तिरडी."

त्या संध्याकाळी दिवा लागायच्या आधीच मी फोनपाशी जाऊन बसलो.