हवालदार जर्किन, मर्यादित आवृत्ती

सांगलीचे हवामान कातडी जॅकेटला अनुकूल नाही. मार्चपासून घाम, पावसाळ्यात कृष्णेचे पाणी किती चढले याची चौकशी, आणि उरलेल्या दिवसांत जी थंडी पडते ती हाफ स्वेटर बघूनच माघार घेते. तरीही प्रा. सौमित्र आगाशे यांनी कातडी जॅकेट घेण्याचा निर्णय घेतला आणि हा हवामानाचा नसून तत्त्वाचा प्रश्न आहे, असे पत्नी अश्लेषा हिला समजावून सांगितले.

"तत्त्व घाल," अश्लेषा म्हणाली, "पण पंख्याखाली बसून घाल."

प्राध्यापक महाशय महाविद्यालयात व्यावसायिक नीती शिकवत आणि 'अस्सल ग्राहक मंच, सांगली' या संस्थेचे अध्यक्ष होते. नकली बूट, नकली घड्याळ, नकली गॉगल यांच्याविरुद्ध मंचाचा लढा होता. दुसऱ्याची कल्पना उचलणे ही चोरीच होय, अशी शपथ सभासद दर महिन्याला घेत. त्या शपथेत एका ठिकाणी 'आम्ही नाशिककर' असे राहून गेले होते, पण भावना महत्त्वाची असल्याने कोणी दुरुस्ती केली नव्हती.

जॅकेट 'जीर्ण' नावाच्या कंपनीचे होते. मॉडेलचे नाव 'हवालदार'. ते कोरे करकरीत नवे होते आणि मेहनतीने जुने करण्यात आले होते. डाव्या कोपराला वाकडे ठिगळ. बटणांपैकी एक वेगळे, पितळी. खिशाखाली डिझेलचा डाग. कॉलरची कड उंदराने कुरतडल्यासारखी. पण उंदीर वेळेत काम देत नाहीत, म्हणून ती यंत्रावर कुरतडून घेतलेली. सोबत वासाची छोटी बाटली होती, 'तंबाखू व गोठा, सौम्य'. आणि एक प्रमाणपत्र: 'या जॅकेटची प्रत्येक जीर्णता अस्सल व नोंदणीकृत आहे. तिची नक्कल करणाऱ्यावर कारवाई होईल.' या किमतीत आटपाडीच्या बाजारात चार चांगल्या शेळ्या आल्या असत्या, आणि त्याही कातड्यासह चालत घरी आल्या असत्या.

मंचाने चौकात फ्लेक्स लावला: 'अस्सल जॅकेट खरेदी केल्याबद्दल आदरणीय सौमित्र सरांचे हार्दिक अभिनंदन.' फ्लेक्सवर मागे हिमालय होता. तो इंटरनेटवरून घेतलेला असल्यामुळे त्याच्या मालकाचे नाव शिखरावर तिरके उमटले होते. त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सगळे जॅकेट बघत होते.

आता घेतलेले जॅकेट घालायला थंडी हवी. म्हणून डिसेंबरात हे जोडपे पाचगणीला गेले आणि स्ट्रॉबेरीच्या एका शेताशी फोटो काढायला उतरले. शेतात मनुबाई स्ट्रॉबेरी तोडत होत्या. त्या भागात थंडीवाऱ्याची रानात जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवते. यात फॅशन नाही. काटा लागू नये, ऊन-वारा लागू नये, एवढाच हेतू. नवऱ्याचे जे असेल ते चढवायचे. मनुबाईंच्या नवऱ्याचे कातडी जर्किन होते. त्याच्या डाव्या कोपराला वाकडे ठिगळ होते, आणि बटणांपैकी एक वेगळे, पितळी.

"अय्या, सौमित्र!" अश्लेषा ओरडली. "तू आणि आजी अगदी सेम!"

शेजारच्या गाडीतले लोक हसले. प्राध्यापकांना वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे मात्र शंभर टक्के अस्सल होते.

"आजी, हे कुठून घेतलंत?"

"घ्यायचं कशाला? आमच्या मालकांचं हाय. फौजेतनं सुटून आलं तवा अंगात हुतं त्येंच्या."

"बिल आहे?"

"कशाचं?"

"याचं. बिल नसेल तर प्रमाणपत्र. काहीतरी कागद असेलच ना."

मनुबाईंनी थोडा विचार केला. "त्येंचा मयताचा दाखला हाय," त्या म्हणाल्या. "त्यो चालंल का?"

प्राध्यापकांनी दोन्ही जॅकेटे शेजारी धरून तपासली. मनुबाईंच्या ठिगळाचे टाके लहानमोठे होते. कंपनीचे टाकेही लहानमोठे होते, पण नियमित लहानमोठे. डिझेलचा डाग भलत्याच बाजूला होता. वास तर अगदीच भडक, त्यात सौम्यपणा औषधालाही नव्हता. ही नक्कल असून तीही निकृष्ट आहे, या निष्कर्षावर ते आले आणि त्यांनी तिथेच, बांधावर उभे राहून, कंपनीकडे तक्रार नोंदवली.

कंपनी तत्पर होती. आठवड्याच्या आत तिचा मुख्य डिझायनर निमिष स्वतः मनुबाईंच्या वाडीवर हजर झाला. मनुबाईंनी त्याला लांबूनच ओळखले.

"आरं, तू व्हय! गेल्या साली गाडी बंद पडली म्हणून काकडत आलेला पोरगा. च्या घेतोस का?"

"घेतो ना, आजी," निमिष म्हणाला. गेल्या वर्षी मनुबाईंनी त्याला चहा दिला होता, आणि दात वाजायचे थांबेनात म्हणून घटकाभर स्वतःचे जर्किन त्याच्या अंगावर घातले होते. त्या घटकाभरात त्याने ते आतून-बाहेरून वितीने मोजून घेतले होते. "फक्त हे पर्सनली घेऊ नका हं. कारवाई तुमच्यावर नाहीये, नकलेवर आहे."

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. त्यात मनुबाईंचे मालक, हवालदार मानसिंग, तेच जर्किन घालून उभे होते, आणि कोपऱ्यात १९७४ साल लिहिले होते. मनुबाईंना वाटले, आता प्रश्न मिटला. निमिषने फोटो नीट पाहिला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"म्हणजे हे उल्लंघन १९७४ पासून चालू आहे," तो म्हणाला.

त्यानुसार कै. मानसिंग यांना प्रतिवादी क्रमांक एक करण्यात आले. त्यांना म्हणणे मांडण्याची संधी देण्यात आली होती. ते हजर राहिले नाहीत, याची नोंद घेण्यात आली.

प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीपुढे आले. ही वाडी तंटामुक्त होती. तसा बोर्ड वेशीवर होता, त्याबद्दल मिळालेल्या बक्षिसातून देवळापुढे फरशी बसवली होती, आणि एकही तंटा वर गेला तर दोन्हींची अब्रू जाणार होती. त्यामुळे वाडीची एक रीत पडली होती: भांडण कोणाचेही असो, ते देवळाच्या फरशीवर, चहा गार व्हायच्या आत मिटले पाहिजे. समितीचे अध्यक्ष अर्जुनतात्या या कामात मुरलेले होते.

"पयली गोष्ट," तात्या म्हणाले, "गावात तंटा न्हाई."

"मग हे काय आहे?" प्राध्यापकांनी विचारले. ते तक्रारदार म्हणून सांगलीहून जॅकेट घालून आले होते आणि वाईच्या पुढे घाट चढेपर्यंत घामाने निथळले होते.

"ह्यो गैरसमज हाय. आन गैरसमजात ज्येचं हलकं पारडं त्येनं मागं सरायचं आसतं. म्हंजी लवकर मिटतो."

"तात्या, तुमी मालकांना ह्याच जर्किनात बगितलंय," मनुबाई म्हणाल्या. "तुमच्या लग्नाच्या वरातीत त्ये हेच घालून नाचलं."

"बगितलंय की. पर मी अध्यक्ष हाय, मनुवयनी. अध्यक्षाला बगितल्यालं सांगता येत न्हाई."

मग मनुबाई उभ्या राहिल्या. त्या फार बोलणाऱ्या बाई नव्हत्या, पण त्या दिवशी बोलल्या. "ह्ये ठिगाळ मी लावलंय. मालक तारंच्या कुंपनात अडकलं आन बाही फाटली. माज्या बापाच्या जुन्या मोटंचं कातडं हुतं, त्ये कापून मी लावलं. वाकडं लागलं. म्या म्हणलं, उसवून परत लावते. तर त्ये हसलं. म्हणलं, ऱ्हाऊ दे. वाकडं हाय म्हंजी तुजंच हाय. ठिगाळ काढा म्हणत असाल तर माजा हात तोडा."

निमिषच्या डोळ्यांत पाणी आले. ते खोटे नव्हते. त्या पोराला खरोखरच गलबलून आले होते, आणि या गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग तोच आहे.

"आजी," तो नाक पुसत म्हणाला, "हे वाक्य आम्ही लेबलवर घेऊ का?"

चहा निवत आला होता. तात्यांनी निकाल दिला. जर्किन मनुबाईंकडेच राहील, ठिगळही राहील. मात्र ठिगळ, बटण व डाग या नोंदणीकृत बाबी लोकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून मनुबाईंनी जर्किन आतली बाजू बाहेर करून घालावे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी मोठ्या मनाने हा तोडगा मान्य केला.

"आत तर आत," मनुबाई म्हणाल्या. "अंगाला तरी लागंल."

त्या रोज उलटे जर्किन घालून रानात जाऊ लागल्या. फाटके अस्तर बाहेर, त्यातून कापूस डोकावतोय, शिवणीचे दोरे लोंबताहेत, असे ते ध्यान पाचगणीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना दिसू लागले. गाड्या थांबू लागल्या. संक्रांतीच्या आत 'जीर्ण'ने दुसरी आवृत्ती बाजारात आणली. तिचे नाव 'अंतरंग'. हे जॅकेट दोन्ही बाजूंनी घालता येई. एका बाजूला ठिगळ, बटण, डाग. दुसऱ्या बाजूला फाटके अस्तर, मोजून डोकावणारा कापूस, आणि कंपनीने कापून दिलेले लोंबते दोरे.

प्राध्यापकांनी तीही आवृत्ती घेतली आणि फ्लेक्सही बदलला. हिमालय तोच ठेवला. पुढच्याच रविवारी त्यांनी पाचगणीला जाऊन मनुबाईंना पाहिले आणि तक्रार नोंदवली.

या वेळी समितीपुढे पेच खरा होता. जर्किन सुलटे घातले तर पहिल्या आवृत्तीची नक्कल, उलटे घातले तर दुसरीची. जर्किनला तिसरी बाजू नसते. तात्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ शोधली.

"तिसरी असेल तर तीही आम्हाला कळवा," निमिष म्हणाला नाही, पण तसे बघत मात्र होता.

"वयनी," तात्या अखेर म्हणाले, "ह्ये ग्रामपंचायतीच्या कपाटात ठिवू. तुमचंच हाय, फकस्त कपाटात हाय. वाटंल तवा येऊन बगा. सुट्टीचा वार सोडून."

"आन थंडीला काय करू?"

"आता थंडी कितीशी उरलीया?"

कपाटाला कुलूप लागले. वेशीवरच्या बोर्डाला नवा रंग दिला. मनुबाई घरी गेल्या आणि फोटोपुढे बसून ढसाढसा रडल्या. त्यांच्याबद्दल वाटणारी कणव व्यक्त करण्यासाठी मंचाने सांगलीत दोन मिनिटे स्तब्धता पाळली, कारण अखेर त्या अज्ञानाने फसलेल्या ग्राहकच होत्या, असे अध्यक्षांचे मत पडले.

दुसऱ्या दिवसापासून त्या मानसिंगांचा जुना सुती शर्ट साडीवर घालून रानात जाऊ लागल्या. शर्टातून वारा आरपार जाई. एका सकाळी पुण्याच्या गाडीतून एक तरुण बाई उतरली. तिच्या अंगात 'अंतरंग' होते, ठिगळाची बाजू वर. स्ट्रॉबेरीची पाटी घेताना तिचे कोपर मनुबाईंच्या अगदी डोळ्यांसमोर आले. मनुबाईंनी न राहवून त्या ठिगळावरून हात फिरवला. ठिगळाखाली रेशमी पट्टीवर बारीक अक्षरे होती.

"काय लिवलंय वं, बाई, ह्यात?"

बाईने कोपर वळवून वाचून दाखवले. "वाकडं आहे, म्हणजे तुझंच आहे." ती हसली. "किती गोड आहे ना? हे वाचूनच मी घेतलं."

नवऱ्याचे शब्द परक्या बाईच्या तोंडून, शुद्ध करून, मनुबाईंनी पहिल्यांदाच ऐकले होते. मग त्यांनी ठिगळाच्या कडेवरून पुन्हा बोट फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पन ह्ये तर सरळ हाय की."

"हो, आता सरळ देतात," बाई म्हणाली. "आधी वाकडं यायचं. इतकं विचित्र दिसायचं! आम्ही सगळ्यांनी परत पाठवलं."

प्रिय ग्राहक, त्या 'सगळ्यांनी'मध्ये तुमचेही नाव आहे. तक्रारीसोबत तुम्ही जोडलेला फोटो स्पष्ट आहे आणि त्यात ठिगळ खरोखरच वाकडे दिसते. गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे. सरळ ठिगळाचे बदलीचे जॅकेट निघाले आहे. उद्या दुपारी घरी कोणीतरी थांबावे.