उसासे टाकणाऱ्या मोटारसायकलचं प्रकरण

अख्ख्या मोशीत गुन्ह्याचा वास ओळखणारं एकच नाक होतं आणि ते समाधान ढवळ्यांच्या चेहऱ्यावर होतं, असं खुद्द ढवळ्यांचं मत होतं. सर्दीच्या दिवसांत मोशीला कुणी वाली नसे. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटी डिपार्टमेंटला होते. दुसऱ्याच्या कामातली चूक त्यांना जिन्यावरून दिसे. स्वतःच्या कामात त्यांना कधीच चूक सापडली नव्हती, कारण तिथे त्यांनी ती शोधलीच नव्हती.

सध्याचं प्रकरण घरचंच होतं. बायकोला, म्हणजे मंजुषाला, मागे बसवून जुन्या टूरिंग मोटारसायकलवरून कन्याकुमारी गाठायची, हे लग्नापासून ठरत होतं. यंदाच्या दिवाळीत मुहूर्त लागला. ढवळ्यांनी चेन बदलली, टायर बदलले, सामानाच्या पेट्या लावल्या, खंडेनवमीला पूजाही केली. तेव्हापासून चाकण रस्त्याला थोडं अंतर कापलं की गाडी मान टाकायची. पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं की आतून ‘सुस्स’ असा खोल उसासा येई आणि गाडी पुन्हा चालू. मेकॅनिक गॅरेजभोवती एक चक्कर मारून म्हणे, “साहेब, गाडी एकदम मक्खन.”

निघायच्या सकाळपर्यंत गाडी सुधारली नाही, तर मेहुण्याच्या सात सीटरमधून जायचं होतं. मागच्या सीटवर, घाटात उलट्या करणाऱ्या त्याच्या जुळ्यांच्या मधोमध. मेहुणा कुलदीप रोज फोन करायचा, “दाजी, जागा धरून ठेवलीय.” एवढी आपुलकी ढवळ्यांना संशयास्पद वाटली. पण संशयितांची रांग असते आणि कुलदीप तिच्यात तिसरा होता.

पहिला संशय भेसळीवर. उसासा म्हणजे भेसळीचा वायू. ढवळ्यांनी दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरलं. उसासा तोच राहिला.

मग कंपनीची रीत त्यांनी घरी आणली: दोष दिसला की पाच वेळा ‘का’ विचारायचं. गाडी का थांबते? पेट्रोल येत नाही म्हणून. पेट्रोल का येत नाही? काहीतरी अडवतंय म्हणून. इथवर कुणाही बऱ्या माणसाने तपास केला असता. पण ढवळे पुढे गेले. कोण अडवतंय? ज्याच्या अंगणातली जागा गाडीने अडवलीय तो. अशा रीतीने ते घरमालक चिमाजी तात्यांच्या ओट्यावर पोचले.

“तात्या, खंडेनवमीच्या रात्री तुम्ही कुठे होता?”

“झोपलो व्हतो.”

“पुरावा?”

“तुमी वर घोरत व्हता, त्यानं जागा झालो. इचारा की तुमच्या मंडळींना.”

मंजुषाने वरून साक्ष दिली. तात्या सुटले.

शेवटच्या संध्याकाळी गाडीने पुन्हा मान टाकली. या वेळी झाकण उघडायचाही उत्साह उरला नव्हता. ढवळे गाडी ढकलत आले आणि तिसऱ्या संशयितालाच शरण जायला त्यांनी फोन काढला. मंजुषा पेटीतले कपडे काढायला खाली आली.

“अहो, झाकणावर हे काय चमकतंय?”

“खंडेनवमीचं गंध. वाटेत पावसाने जाऊ नये म्हणून वरून जरा...”

“माझं नेलपॉलिश.”

“पारदर्शकच होतं.”

तिने केसातली पिन काढली आणि रागारागाने खरवडायला लागली. पिन मध्येच खोल गेली आणि टाकीने लांबलचक उसासा टाकला.

“इथे भोक आहे. कशाला असतं हे?”

ढवळ्यांचा आवाज आपोआप ट्रेनिंगवाला झाला. “टाकीत हवा जायला. पेट्रोल खाली उतरलं की त्याच्या जागी हवा लागते. ते भोक बुजलं, तर पेट्रोल उतरायचं थांबतं आणि थोडं अंतर गेलं की गाडी...”

इथे ते थांबले. गाडीसारखेच.

ओट्यावरून तात्या म्हणाले, “सांगा की फुडं. आमी ऐकतोय.”

ढवळ्यांनी किक मारली. चाकणपर्यंत जाऊन आले. गाडी एकदाही कुरकुरली नाही. तेवढ्यात कुलदीपचा फोन आलाच. मंजुषाने तो त्यांच्या हातातून घेतला.

“हो, सापडला गुन्हेगार. नाही रे, पोलिसांत कशाला? उद्या त्याच्याच मागे बसून कन्याकुमारीला चाललेय.”